हिंगूळ आणि शेंदूर

मारुतीराया व गणराय यांना शेंदूर चढविण्याची चाल फार जुनी आहे. पूर्वी लाल रंगासाठी हिंगूळही खलीत. पारा व गंधक यांचे हे खनिज पाण्याच्या आठपट जड. लिंबाच्या रसात शोधून वैद्य ते औषधात घालीत, डमरूयंत्रात तापवून पारा काढीत. ती वाफ मात्र जीवघेणी. बाजारचा शेंदूर बहुधा शिशाचा, तोही विषच. नाशिककडील वणीच्या (आपल्या जिल्ह्यातील वणी नव्हे) सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर २०२२ साली उतरविले, तेव्हा मूळ रूप दिसले. जीर्णोद्धारात निघणारे असे खवले उघड्या हातांनी खरवडू नयेत. विसर्जन म्हणून ते विहिरीत सोडणे तर फारच धोक्याचे. त्याच विहिरीचे पाणी लेकरे पितात.