किनाऱ्यावरील जहाज : नाविक तळांवरील निवास व भोजनव्यवस्था

ब्रिटिश आरमाराच्या परंपरेत किनाऱ्यावरील तळ हाही जहाजच मानला जाई. त्याला जहाजासारखे नाव मिळे. खोलीस केबिन, जमिनीस डेक, स्वयंपाकघरास गॅली म्हणत. फाटकाबाहेर पडणे म्हणजे 'किनाऱ्यावर जाणे' होय. रॉयल इंडियन नेव्हीने ही परंपरा स्वीकारली आणि तिच्याबरोबर निवास व भोजन यांतील श्रेणीभेदही स्वीकारला.

जहाजावर कप्तान आपल्या दालनात एकटा जेवतो. वॉर्डरूममध्ये तो सहसा निमंत्रणावाचून जात नाही. लेफ्टनंट व त्यावरील अधिकाऱ्यांसाठी वॉर्डरूम, कनिष्ठांसाठी गनरूम. खलाशी मात्र जेथे झोपत तेथेच जेवत. जागेची टंचाई व हुकमतीची गरज ही या विभागणीची कारणे होत. राजाच्या नावाचा प्याला वॉर्डरूममध्ये बसूनच घेण्याचा रिवाज ठेंगण्या छतामुळे पडला, असे सांगतात. किनाऱ्यावरील प्रशस्त भोजनगृहांतही तो पाळला गेला. कारण जहाजावर राहिले, रूढी तेवढी जमिनीवर आली.

जमिनीवर जागेच्या टंचाईची सबब टिकत नाही. एकाच आवारात अधिकाऱ्यांचे भोजन निराळे व खलाशांचे निकृष्ट असले, म्हणजे तो भेद शिस्तीचा न वाटता मानभंगाचा वाटू लागतो. त्यात वर्णभेदाची भर पडली. मुंबईस कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन-प्रशिक्षणाच्या तळावर 18 फेब्रुवारी 1946 रोजी खलाशांनी अन्न व काम दोन्ही नाकारले. 21 फेब्रुवारीस कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. 23 रोजी उठाव मागे घेण्यात आला. तोवर त्याचे लोण 78 जहाजे, 20 तळ व सुमारे 20,000 खलाशी यांपर्यंत पोहोचले होते. अधिकारीवर्ग बहुतांशी त्यापासून दूर राहिला. राजबंद्यांची मुक्तता व चांगले अन्न या दोन्ही मागण्या एकाच यादीत होत्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

1951 मध्ये कॅसल बॅरॅक्सच्या तळास कान्होजी आंग्रे यांच्या स्मरणार्थ 'आंग्रे' हे नाव मिळाले. वॉर्डरूमची संस्था मात्र भारतीय नौदलातही टिकून राहिली. तेव्हा 1946 च्या उठावाचा अभ्यास करताना राजकीय घोषणांइतकेच तळांवरील स्वयंपाकघरे, भोजनगृहे व शयनगृहे यांच्या रचनेकडेही पाहिले पाहिजे. खलाशांच्या असंतोषास रोजचे रूप तेथेच येत होते.