मौजा, खसरा आणि फॉरेन की

नागपूर जिल्ह्यातले कोणतेही खरेदीखत उघडा, जमिनीची ओळख एका आकड्यात कधीच सांगितलेली नसते. मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), ख.नं. (खसरा, म्हणजे भूखंडाचा नंबर), तहसील, जिल्हा अशी पूर्ण ओळ तिथे लिहिलेली असते. खसरा क्रमांक दर मौज्यात नव्याने सुरू होतात, आणि मौज्याचे नावही पुरत नाही: हुडकेश्वरकडे एक पिपळा आहे, तर सावनेर तहसिलीत पिपळा डाकबंगला. अनेक रकाने मिळून ठरणाऱ्या अशा ओळखीला डेटाबेसवाले कंपोझिट प्रायमरी की म्हणतात. तिचा माग काढायचा तर आपल्याला संगणकाच्या बरेच मागे जावे लागेल.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, त्याच दशकात जमीन महसुलाच्या 30 वर्षांच्या बंदोबस्ताचे काम निघाले आणि गावोगावचे खसरे, नकाशे पटवाऱ्याच्या दप्तरात आले. तिकडे मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 पासून इंदापुरात सर्व्हे नंबरांची घडी बसवत आणली होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात आले, 1966 च्या महसूल संहितेने दोन्ही परंपरा एका छत्राखाली आणल्या. त्यातून आजचा सातबारा. त्यावर भोगवटादाराच्या नावापाशी एक फेरफार क्रमांक असतो; तो गाव नमुना 6 मधल्या नोंदीकडे बोट दाखवतो. समजा तो 312 आहे. 312 वा फेरफार शेजारच्या गावातही असू शकतो, तरी घोटाळा होत नाही, कारण कागदाच्या माथ्यावरचे गाव खसऱ्यालाही लागू असते आणि फेरफारालाही. एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यांना फॉरेन की म्हणतात; ही कंपोझिट फॉरेन कीच झाली, फक्त तिला तेव्हा कुणी असे नाव दिले नव्हते.

ते नाव यायला 1970 उजाडले. त्याआधी, 1963 च्या सुमारास, चार्ल्स बाकमन यांच्या आयडीएस या डेटाबेस प्रणालीत एका नोंदीतून दुसरीकडे जायला पॉइंटर, म्हणजे तिचा थेट पत्ता, असत. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी जून 1970 च्या निबंधात पॉइंटर बाजूला सारून मूल्यांनीच नाते सांगितले, आणि फॉरेन की एका रकान्याची किंवा रकान्यांच्या जोडणीची असू शकते, हे त्याच निबंधात नोंदवले. मात्र एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या 1986 च्या पहिल्या मानकात फॉरेन की नव्हती. ती 1989 च्या सुधारणेत आली. आज आपण लिहितो: फॉरेन की (मौजा_कोड, फेरफार_क्र) रेफरन्सेस फेरफार (मौजा_कोड, फेरफार_क्र). कॉलम इथे नावाने नव्हे, क्रमाने जुळतात. क्रम उलटला आणि दोन्हीकडे आकडेच असले, तर की बिनतक्रार तयार होते आणि नाते मात्र चुकीचे जुळते. दुसरा खड्डा अधिक खोल आहे. जोडीतला एक कॉलम जरी नल (रिकामा) असला, तर नेहमीच्या नियमाप्रमाणे ती ओळ तपासलीच जात नाही. 312 लिहिले, मौजा रिकामा ठेवला, तरी ती आत जाते. 1992 च्या मानकाने अशी अर्धवट रिकामी जोडी नाकारणाऱ्या मॅच फुलची सोय दिली. पण सगळे कॉलम नॉट नल करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

2021 पासून केंद्राने प्रत्येक भूखंडाला 14 अक्षर-अंकांचा भू-आधार द्यायला सुरुवात केली. एका क्रमांकाने भूखंड गाठता येणे ही मोठी सोय आहे. पण फेरफारालाही असाच सुटा क्रमांक देऊन तेवढाच सातबाऱ्यात ठेवला, तर एका मौज्याच्या जमिनीवर दुसऱ्या मौज्याचा फेरफार चढला तरी डेटाबेस रोखणार नाही. जुन्या जोडणीत मौजा_कोडचा तोच कॉलम दोन्हीकडे लागत असल्याने ही चूक शिरूच शकत नव्हती. म्हणून टेबल आखणाऱ्यांना सांगणे इतकेच: नवा क्रमांक जरूर घ्या, पण मौजा आणि खसरा मिळून युनिक ठेवा, आणि फेरफाराचा संदर्भ मौज्यासकटच द्या.