स्नेह्यांसह नगरात एक दिवस

सहलीचा बेत निघाला की आमच्या मंडळींत पहिला मतभेद होतो तो स्थळावरून. यंदाही तसेच झाले. रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारातील लिंबाखाली आम्ही चार घरची पुरुषमंडळी उभी होतो. एकाने भंडारदऱ्याचे नाव काढले, दुसऱ्याने महाबळेश्वरचे. हाताशी दिवस एकच होता आणि खिसाही बेताचाच. तेव्हा आमच्यातील एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "आपण नगरलाच जाऊ या."

सगळे हसले. नगर काय पाहायचे? जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आम्हा लोकांना नगर म्हणजे कोर्टाची तारीख, कलेक्टर कचेरीतील हेलपाटा, दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि परतीची एस.टी. शंभर वेळा गेलो असू. पण काम संपले की डोळे घड्याळाकडे लागत. पाहुणा म्हणून त्या शहरात आम्ही कधी पाऊल ठेवले नव्हते.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "पावणेदोनशे वर्षांपूर्वी दोन मित्र असेच नगरात फिरले. त्यांनी तिथे जे पाहिले, त्यामुळे तुमच्या मुली आज शिकताहेत." आम्ही निरुत्तर झालो आणि बेत ठरला. तो आखताना शहराचा जो इतिहास आम्ही नव्याने वाचला, तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सकाळ किल्ल्यासाठी राखावी, असे ठरले. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे १४९४ च्या सुमारास त्याच परिसरात सीना नदीकाठी नवे शहर वसवायला घेतले. या घराण्याचे मूळ पाथरीच्या एका ब्राह्मण कुळात होते, हे विसरून चालणार नाही. त्या नव्या शहराची तुलना बगदाद आणि कैरो यांच्याशी होऊ लागली. अहमदाची काळ्या दगडातील कबर बागरोझा येथे आहे. किल्ला प्रथम मातीचा होता. सोळाव्या शतकाच्या मध्याला हुसेन निजामशहाने तो दगडात बांधून घेतला. सपाट जमिनीवरचा हा किल्ला वाटोळा आहे आणि त्याभोवती खंदक आहे. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने जाण्यापूर्वी प्रवेशाची वेळ व परवानगी यांची चौकशी करून घेणे बरे.

या तटावर आमच्या मुलांना चांदबिबीची गोष्ट सांगायची आहे. १५९५ साली अकबराचा पुत्र मुराद मोगल फौज घेऊन आला, तेव्हा निजामशाहीतील सरदार आपसांत भांडत होते. किल्ला लढवला तो चांदबिबीने. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले, असे परंपरा सांगते. १५९६ साली वऱ्हाड देऊन तिने तह केला आणि राज्य वाचवले. पुढे १६०० साली तिच्याच लोकांनी तिचा घात केला आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. शहराच्या पूर्वेस डोंगरावर दिसणाऱ्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती सलाबतखान या वजिराची कबर आहे. कागदोपत्री इमारत वजिराची. लोकांनी मात्र ती राणीच्या नावे करून टाकली. लोकांची कृतज्ञता कधी कधी इतिहासाच्या पुस्तकालाही जुमानत नाही.

याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य बंदी म्हणून आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी अशी ती मंडळी होती. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत येथेच लिहिला. ज्या भिंती शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारल्या, त्यांच्याआड देशाचा शोध घेणारे पुस्तक जन्मले.

दुपारी जुन्या गावात पायी फिरायचे. माळीवाड्याच्या वेशीतून आत शिरून कापडबाजार आणि दाळमंडई पाहत दिल्ली दरवाजापर्यंत जायचे, एवढा साधा मार्ग. मोटारीत बसून हे गाव दिसत नाही. गल्ल्या अरुंद आहेत, दुकाने जवळजवळ आहेत आणि थांबून विचारले की माणसे बोलतात. वाटेत कुठे तरी मिसळ खावी, चहा घ्यावा. जेवणाचा डबा घरून न्यावा की न्यावा नाही, यावरही आमच्यात बरीच चर्चा झाली. त्या चर्चेचे पर्यवसान काय झाले, ते शेवटी सांगू.

दुपारनंतरचा वेळ गुरुजींनी त्या दोन मित्रांसाठी राखून ठेवला होता. ते दोघे म्हणजे जोतिराव फुले आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे. एक माळ्याचा मुलगा, दुसरा ब्राह्मणाचा. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांची मैत्री जडली आणि ती अखेरपर्यंत टिकली. पुढे गोवंडे नगर येथे सरकारी नोकरीत होते. १८४८ च्या सुमारास जोतिराव या मित्राबरोबर नगरला आले. त्या वेळी रेल्वे नव्हती. दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तो १८७८ मध्ये. पुण्याहून सुमारे सव्वाशे किलोमीटरची वाट तुडवून त्यांनी येथे पाहिली ती किल्ला किंवा महाल नव्हे, तर मुलींची शाळा.

ती शाळा चालवीत होत्या सिंथिया फरार. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात १७९५ साली जन्मलेल्या या अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या. जोतिरावांच्या जन्माचेही वर्ष तेच. अमेरिकन मिशनने १८३१ पासून नगरात काम सुरू केले होते. फरारबाई १८३९ मध्ये येथे आल्या आणि १८६२ साली येथेच वारल्या. मुलीच्या हाती पाटी दिली तर संसाराचे वाटोळे होते, अशी समजूत असण्याचे ते दिवस. मुलींची लग्ने लहानपणीच होत. आज वर्गात बसलेली मुलगी उद्या सासरी निघून जाई. अशा स्थितीत या बाईंनी दोन तपे एकाच गावात शिकवण्यात घालवली. मिशनरी धर्मप्रसारासाठी आले होते, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलीला वाचता येऊ लागले, तिची अक्षरे तिचीच राहिली.

जोतिरावांनी ती शाळा पाहिली आणि तेथील शिकवण्याची रीत त्यांना आवडली. ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली असून १८५३ साली ती 'ज्ञानोदय' पत्रात छापून आली. मुलांची सुधारणा आईच्या योगाने होते आणि म्हणून आधी मुलींना शिकवले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. पुण्यास परतल्यावर १८४८ मध्येच त्यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही पुढे फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालल्याबद्दल जोतिरावांचा जाहीर अपमान झाला होता. मैत्री त्यांना वरातीत घेऊन गेली आणि जातीने त्यांना तेथून बाहेर काढले. दुसऱ्या ब्राह्मण मित्राने मात्र त्यांना नगरची शाळा दाखवली. दोन्ही प्रसंगांना निमित्त मैत्रीचेच. एकाने जखम दिली, दुसऱ्याने काम दिले. कोणाबरोबर कुठे जावे आणि काय पाहावे, ही वाटते तितकी क्षुल्लक बाब नाही.

'ज्ञानोदय'चा उल्लेख वर आला. ते पत्रही १८४२ साली नगरातच सुरू झाले होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार या शहराने पाहिला. लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीतील थोर आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

आम्ही कॅथलिक. वर सांगितलेली मंडळी आमच्या पंथाची नव्हती. जेझुइट धर्मगुरूंनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथे काम सुरू केले ते १८७० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे फरारबाईंच्या मृत्यूनंतर दीड दशकाने. त्यानंतर आमच्या गावोगावी शाळा आल्या, बोर्डिंगे आली, धर्मभगिनी आल्या. त्यांचे ऋण आम्ही दरवर्षी आठवतो. पण नांगरलेल्या शेतात पेरणी करणाऱ्याने आधी नांगर धरणाऱ्याची आठवण ठेवावी, हा आपल्याकडचा साधा शेतकरी न्याय आहे. तो पंथापंथांतही लागू व्हावा.

२०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंना वडिलांनी, माणकोजी शिंदे यांनी, घरीच लिहावाचायला शिकवले होते, असे सांगतात. चांदबिबी, फरारबाई, सावित्रीबाई, लक्ष्मीबाई आणि अहिल्याबाई ही नावे एका कागदावर लिहून झाली, तेव्हा आमच्या बेतातील मोठे वैगुण्य आमच्याच ध्यानात आले.

बेत होता फक्त पुरुषांचा. 'मित्रांची सहल' म्हणून आम्ही पहाटे निघणार आणि त्याआधी उठून घरच्या बायका आमचे डबे भरून देणार, असे आम्ही न बोलताच गृहीत धरले होते. डब्याची चर्चा निघाली ती याच अंगाने. गुरुजींच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतो, यादीवरून नजर फिरवीत एवढेच म्हणाल्या, "या सगळ्या बायकांना पाहायला तुम्हीच जाणार होय?"

मग बेत पुन्हा आखला. आता चारही घरची माणसे जातील, लेकी-सुना जातील आणि डबा कोणीच भरणार नाही. किल्ल्यावर चांदबिबीची गोष्ट गुरुजींची नात सांगेल. तिने ती पाठ करायला घेतली आहे. फरारबाईंविषयी दहावीतील दोघी मुली वाचून दाखवतील.

आमच्यातील एकाच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. लग्नाच्या वेळी धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्यांनी अंगठा उमटवला होता. त्यांना कसे न्यावे, चालवेल का, याची काळजी आम्ही करीत होतो. त्यांनीच ती मिटवली. म्हणाल्या, "मला तुमचा किल्ला नको. नगरला दवाखान्यासाठी लई येळा गेले. पोरींची शाळा निघाली ते गाव म्हणून एकदा बघू द्या."

गाडीत पहिली जागा आजींची, असे ठरले आहे.