निष्णात आणि कसबी

एखादा समाज कोणता शब्द कोणाच्या वाट्यास देतो, हे पाहिले म्हणजे त्या समाजात कोणाचे स्थान कोणत्या पायरीवर आहे, हे उघड होते. आपण वकिलास निष्णात म्हणतो, पंडितास पारंगत म्हणतो. सुतारास किंवा विणकरास मात्र कसबी म्हणून थांबतो. पहिले शब्द संस्कृत, दुसरा अरबीतून आलेला. यावरून नैपुण्य बुद्धीचे आणि कसब हातांचे, हा भेद भाषेने मुळापासूनच केला असावा, असा कोणाचाही समज होईल. परंतु शब्दांच्या इतिहासाची साक्ष निराळी आहे.

अमरकोशात या अर्थाचे दहा शब्द एकत्र दिले आहेत. प्रवीण, निपुण, निष्णात, शिक्षित व कुशल हे त्यांपैकीच होत. त्यांतील निष्णात शब्दात स्नान करणे हा धातू आहे; जो एखाद्या विषयात बुडी मारून आला, तो निष्णात. पाणिनीने याकरिता एक स्वतंत्र सूत्रच केले. कौशल्याचा अर्थ असेल तेव्हा ‘स’चा ‘ष’ होतो. नुसत्या न्हालेल्या माणसास हा मान नाही! आता, सातव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या काशिकावृत्तीने या सूत्रास उदाहरणे कोणती द्यावीत? चटई विणण्यात निष्णात आणि दोर वळण्यात निष्णात. वेदान्ताचे नाव तेथे नाही.

कुशल शब्दावर तर साहित्यशास्त्रात मोठा वाद झाला. कुशगवताची पाती धारदार. ती हात न कापता खुडून आणतो तो कुशल, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. अकराव्या शतकातील मम्मटाने हाच मूळ अर्थ धरून ‘निपुण’ हा अर्थ लक्षणेने येतो, असे मानले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ते खोडून काढले. शब्द कसा बनला ही एक गोष्ट व तो कोणत्या अर्थाने चालतो ही दुसरी. व्युत्पत्तीसच अर्थ मानू लागलो, तर ‘गो’ शब्दात गमन असल्यामुळे ‘गाय निजली आहे’ असे म्हणतानाही लक्षणाच मानावी लागेल, हे त्याचे म्हणणे. विश्वनाथाचा हा इशारा रास्त आहे. म्हणून निष्णात म्हणजे चटई विणणारा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र चटई विणणाऱ्यास निष्णात म्हणताना त्या वैयाकरणांस संकोच वाटला नाही, एवढे निश्चित.

कसबाची कथा याहून करुण आहे. अरबीत त्याचा अर्थ मिळविणे, कमाई. मराठीत तो कारागिराच्या हातात स्थिरावला. पण कमाईच्या त्याच अर्थाने कसबीण शब्द घडून तो कलावंतिणीस व वेश्येस लागला. हुन्नर फारसीत कला आणि गुण. आपल्याकडे त्यास क्लृप्तीचा, क्वचित लबाडीचाही वास येऊ लागला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी कसब व हुन्नर लोकांच्या तोंडून गेले नाहीत. शब्द टिकले, पण त्यांचा मान टिकला नाही. कारण ज्यांच्यासाठी ते वापरले जात, त्यांस मान नव्हता.

२०१४ मध्ये केंद्र सरकारने कौशल्यविकासाचे स्वतंत्र मंत्रालय स्थापिले आणि यंत्रावर काम करणाऱ्या, वेल्डिंग व शिवणकाम शिकणाऱ्या तरुणांच्या प्रमाणपत्रांवर ‘कौशल्य’ हा शब्द आला. काशिकाकारांस यात काहीच नवल वाटले नसते. आपणांस ते वाटत असेल, तर दोष शब्दाचा नव्हे. सुतारास कुशल म्हणणे सोपे आहे. त्यास वकिलाशेजारी बसावयास जागा देणे, हे त्या शब्दाचे खरे ऋण होय.