पूरनियंत्रक मातीचे धरण, लघु

ओढ्याच्या किंवा लहान नदीच्या उगमाकडील पाणलोटात पुराचे पाणी अडवून ते सावकाश खाली सोडण्यासाठी घातलेला मातीचा बांध. त्याची उंची साधारणपणे ५ ते १५ मीटर असते. सिंचनाचे धरण पावसाळ्याअखेर काठोकाठ भरले की लोक समाधानाने ओटी भरतात. पूरनियंत्रक धरण मात्र रिकामे असेल तेवढे कामाला सज्ज. तळाशी गाळासाठी राखलेली जागा आणि थोडे पाणी सोडले, तर बाकी सगळा पोट-भाग येणाऱ्या पुरासाठी मोकळा ठेवलेला असतो. त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न अवघड होतो तो यामुळेच. जे धरण वर्षानुवर्षे भरत नाही, त्याचे दोषही वर्षानुवर्षे दिसत नाहीत.

या प्रकारच्या धरणांची सर्वांत मोठी मालिका अमेरिकेत उभी राहिली. ओक्लाहोमा राज्यात वॉशिटा नदीला एप्रिल १९३४ मध्ये आलेल्या पुराने हॅमन गावात १७ जणांचा बळी घेतला. मुख्य नदीवर एकच प्रचंड धरण बांधण्याऐवजी पाणी शेतातच, ओढ्याओढ्यावर थोपवावे, हा मृदसंधारणाच्या कार्यकर्त्यांचा विचार १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यात उतरला आणि वॉशिटासह ११ नदीखोऱ्यांत कामे मंजूर झाली. कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीकवरचे पहिले धरण जुलै १९४८ मध्ये पूर्ण झाले. १९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर नेली. आज ४७ राज्यांत अशी ११,८०० हून अधिक धरणे आहेत आणि त्यांपैकी २,१०७ एकट्या ओक्लाहोमात. आराखडा आणि बहुतांश पैसा केंद्राचा, जमीन शेतकऱ्यांची, देखभाल स्थानिक संस्थांची, अशी ही वाटणी. धरण बांधायला पैसा मिळाला, पण ते जपण्याचा भार ज्यांच्याकडे मनुष्यबळ सर्वांत कमी त्यांच्यावर पडला.

रचना साधी आहे. मधोमध चिकणमातीचा गाभा, तो पायातील चरातून घट्ट थरापर्यंत उतरवलेला. दोन्ही बाजूंना मुरमाड कवच, उतारांवर गवत. जलाशयात काँक्रीटची एक उभी विहीर असते. पाणी तिच्या तोंडाशी पोहोचले की आत पडते आणि भरावाखालून गेलेल्या नळातून पलीकडे निघते. नळ मुद्दामच लहान असतो, म्हणजे खालच्या ओढ्याला एकदम लोंढा येत नाही. अमेरिकी निकषांनुसार पुराचा बहुतेक साठा १० दिवसांत निघून जावा लागतो. त्याहून मोठा पूर आला, तर बाजूच्या टेकाडात कोरलेला गवताळ सांडवा तो वाहून नेतो.

मातीच्या धरणांच्या जगभरच्या अपघातांत जवळजवळ निम्मे माथ्यावरून पाणी गेल्याने होतात आणि साधारण तेवढेच आतल्या धुपीने. पहिल्या प्रकारात सांडवा अपुरा पडतो किंवा काटक्या-कचऱ्याने विहिरीचे तोंड तुंबते. माथ्यावरून ओसंडणारे पाणी खालचा उतार खरवडत जाते आणि मग काही तासांत खिंडार पडते. दुसरा प्रकार अधिक कपटी. कठीण नळाच्या कडेने माती नीट दाबली जात नाही, तिथे पाण्याला वाट सापडते आणि ते कण कण घेऊन निघते. पूर्वी यावर नळाला काँक्रीटच्या गळपट्ट्या बसवत. त्यांनी पाणी अडले नाही, उलट त्यांच्याभोवती रोलर फिरवणे अवघड झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेने त्यांऐवजी नळाभोवती वाळूचा गाळणथर घालणे स्वीकारले. हा थर पाणी जाऊ देतो आणि मातीचे कण धरून ठेवतो. ओक्लाहोमा आणि मिसिसिपीतील काही लहान धरणे पहिल्यांदा भरताच पोखरली गेली, तेव्हा जेम्स शेरार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की तिथली चिकणमाती सोडियममुळे साध्या पाण्यातही विरघळल्यासारखी सुटते. चिकणमाती म्हणजे भरवशाची, या समजाला त्या कामाने कायमचा तडा गेला.

पुण्याला याची आठवण वेगळी करून द्यायला नको. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत धरण मोठे आणि पाटबंधाऱ्याचे होते, परंतु त्याचा भराव खचला तो अपूर्ण राहिलेल्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाच्या, वरच.

धरण लहान म्हणून धोका लहान, हे गणित खोटे आहे. जॉर्जियातील केली बार्न्स हे जेमतेम १२ मीटर उंचीचे मातीचे धरण ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या परिसरात ३९ जण गेले. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळचे तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून वस्ती वाहून गेली; गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. ही दोन्ही पूरनियंत्रणाची धरणे नव्हती, पण मातीला धरणाचा हेतू कळत नाही.

पूरनियंत्रक धरणांत आणखी एक गुंता आहे. धोक्याचा वर्ग धरणाच्या प्रकृतीवरून ठरत नाही, ते फुटल्यास खाली काय बुडेल यावरून ठरतो. १९५० च्या दशकात खाली फक्त कुरणे होती म्हणून ‘कमी धोक्या’चे निकष लावून सांडवा बेतला. पूर थांबले, जमीन सुरक्षित वाटू लागली, तिथे घरे आली. धरणात एक खडाही न हलता ते ‘उच्च धोक्या’च्या वर्गात गेले आणि त्याचा सांडवा आता अपुरा ठरतो. भारताचा धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच आणि काही अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. त्याखालच्या असंख्य बांधांची देखरेख स्थानिक यंत्रणेवरच राहते.

देखरेखीला महागडी उपकरणे लागत नाहीत. उतारावरची झुडपे वेळीच काढणे, कारण मुळे कुजली की पोकळी उरते. घुशींची आणि खेकड्यांची बिळे बुजवणे. माथ्यावरच्या लांब भेगा आणि पायथ्याची नवी ओल नोंदवणे. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण गढूळ पाण्यातून भरावच बाहेर येत असतो. असा पाझर दिसताच खालची वस्ती हलवावी लागते, चौकशी नंतर.

वर सांगितलेल्या मालिकेतील बरीच अमेरिकी धरणे ५० वर्षांच्या हिशेबाने बांधली होती. ती मुदत संपत आल्याने २००० साली पुनर्बांधणीचा कायदा झाला. ओक्लाहोमातील सार्जंट मेजर क्रीकवरच्या धरणापासून या कामाला सुरुवात झाली. नळ बदलणे, सांडवा रुंद करणे, माथा उंचावणे हे नेहमीचे उपाय. ते परवडत नसतील तर धरण रीतसर कापून काढतात, आणि तेव्हाही साठलेला गाळ एकदम खाली जाऊ नये म्हणून ओढ्याचा तळ पायऱ्यापायऱ्यांनी बांधून घ्यावा लागतो.