कोयनेलची पुडी आणि ल्यूपसचे रक्त

पेणहून नागोठण्याच्या वाटेवर लागणारे कासू ज्या मुलखात वसले आहे, तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा या नावाने सरकारदप्तरी नोंदलेला असे. भातखाचरे, खाजणे आणि पावसानंतर साचून राहणारे पाणी यांमुळे या किनारपट्टीत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले होते, आणि इंग्रजी अमदानीत त्यावरील सरकारी इलाज म्हणजे टपालकचेरीतून स्वल्प किमतीत विकली जाणारी कोयनेलची (क्विनाइनची) पुडी. हिवतापावरील याच औषधपरंपरेतून पुढे ल्यूपस या सर्वस्वी निराळ्या व्याधीचा मोठा आधार निर्माण झाला, ही वैद्यकाच्या इतिहासातील मला अत्यंत विलक्षण वाटणारी घटना होय.

ल्यूपसमध्ये जिने परकीय जंतूंचा पाडाव करावा ती शरीराची संरक्षक शक्ती स्वकीय पेशींवर उलटते. लंडनच्या जोसेफ पेन यांनी १८९४ साली या रोगाच्या त्वचाविकारावर कोयनेल योजिले. १९५१ साली फ्रान्सिस पेज यांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापासाठी दिले जाणारे मेपाक्रिन १८ रुग्णांना दिले, आणि पाठोपाठ हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आले, जे आजही या रोगाच्या उपचाराचा पाया आहे. तथापि रोगाचे खरे स्वरूप उलगडले ते रक्ताच्या अभ्यासातून. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील माल्कम हारग्रेव्ह्ज यांनी ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत दिसलेल्या, दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेल्या श्वेतपेशीची नोंद प्रसिद्ध केली, आणि ल्यूपस हा केवळ कातडीचा विकार नव्हे, हे अधिक ठळक झाले. तांबड्या पेशी फुटून पांडुरोग जडतो, श्वेतपेशी ४,००० च्या खाली उतरतात, बिंबिका (प्लेटलेट) एक लाखाहून कमी होतात. ही लक्षणे ल्यूपस ओळखण्याच्या १९८२ च्या निकषांतही समाविष्ट झाली.

श्वेतपेशी घटल्या की जंतूंना वाट मोकळी होते. त्यात १९४९ नंतर प्रचारात आलेल्या कॉर्टिसोनवर्गीय (स्टेरॉइड) औषधांनी रोग आवरला, पण प्रतिकारही दुबळा केला. क्षयाचे जंतू ज्या देशात घरोघर दबून राहिलेले असतात, तेथे हे संकट दुपटीने गंभीर.

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासासाठी जे केंद्र निघाले, तेच आज रोगप्रतिकार-रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखले जाते, आणि तेथे ल्यूपसवरही संशोधन होते. मात्र कासूच्या रुग्णाला परळ दूर, आणि ताप आला की हिवताप समजून घरीच गोळी घेण्याची सवय जुनी. म्हणून या परिसरातील वाचकांस विनंती एवढीच : घरात ल्यूपसचा रुग्ण असल्यास त्याच्या तापाला संसर्ग मानून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, आणि स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नये.