शंभरातले तीन ते पाच : फुप्फुसाच्या कर्करोगातल्या एका जनुकाचा इतिहास

आज मी दुर्मीळ म्युटेशन्सची यादी वाचून दाखवणार नाही. यादी ऐकताना बरी वाटते, घरी जाईपर्यंत विसरते. त्यापेक्षा एकाच जनुकाची हकिकत सांगतो. त्याचं नाव एएलके.

यातला 'एल' म्हणजे लिम्फोमा. १९९४ साली लिम्फोमाच्या एका प्रकारात हे जनुक दुसऱ्या एका जनुकाला चिकटलेलं सापडलं आणि नाव तिथेच पडलं. जनुकांचे असे सांधे म्हणजे रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगांचा प्रांत, असं तेव्हा बहुतेक जण धरून चालत. फुप्फुसाच्या गाठीत ते शोधायला कोण जाणार?

गेले ते जपानचे हिरोयुकी मानो, आणि ते मूळचे रक्तविकारांचे डॉक्टर! (मला यात फारसं नवल वाटत नाही. शेजारच्या वाड्यातून आलेल्या माणसालाच आपल्या घरातली बंद खोली दिसते.) त्यांच्या गटाने काय केलं, तर फुप्फुसाच्या एका गाठीत कामाला लागलेली जनुकं घेऊन ती उंदराच्या साध्या पेशींत सोडली आणि कुठल्या पेशी बेफाम वाढतात ते बघत बसले. वाढलेल्या पेशींत निघाला एएलकेचा सांधा. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून उलटा बसला होता, त्यामुळे ईएमएल४ नावाच्या जनुकाला एएलके जोडलं गेलं होतं. परिणाम असा की पेशीला वाढीचा हुकूम देणारं बटण कायमचं दाबलेलं राहिलं. २००७ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. ७५ रुग्णांपैकी ५ जणांत हा सांधा सापडला होता.

आता योगायोग बघा. क्रिझोटिनिब नावाचं औषध तेव्हा पहिल्या टप्प्याच्या चाचणीत होतंच. ते तयार केलं होतं मेट नावाच्या वेगळ्याच लक्ष्यासाठी, पण एएलकेलाही ते रोखत असे. मग एएलकेचे रुग्ण शोधायला सुरुवात झाली. सुमारे १५०० जणांची तपासणी केली, तेव्हा ८२ हाती लागले. त्यांतल्या ५७ टक्के लोकांच्या गाठी ठळकपणे आटल्या. हे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सांधा सापडल्यापासून चार वर्षांत औषध! कर्करोगाच्या इतिहासात असा वेग विरळाच.

पण ज्या नियतकालिकात ही आनंदाची बातमी आली, त्याच अंकात मानो यांच्या गटाचाही एक लेख होता. औषधाने सुधारलेल्या एका रुग्णाचा आजार पुन्हा उलटला होता, आणि त्याच एएलकेमध्ये दोन नवी म्युटेशन्स तयार होऊन औषध निकामी झालं होतं. म्हणजे यश आणि त्याची मर्यादा एकाच आठवड्यात छापली गेली. पुढे नवी औषधं आली. लोरलॅटिनिब घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचा आजार पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता. त्याच चाचणीत क्रिझोटिनिब घेणाऱ्यांत हे प्रमाण होतं फक्त ८ टक्के. कालचा नायक आज तुलनेपुरता उरला.

दुर्मीळ म्हणजे किती, हेही बघू. प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के. भारतात दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७० हजारांहून अधिक नवे रुग्ण धरले जातात. तोंडी हिशोब करा, दोन-तीन हजार माणसं होतात. यातल्या कित्येकांच्या एक्स-रेवरची सावली आधी क्षयाची समजली जाते, महिने जातात, आणि मग सुईने काढलेला चिमूटभर तुकडा निदानातच संपतो. जनुकांच्या तपासणीला काही उरतच नाही.

शिवाय एक गैरसमज आहे. हा सांधा तुलनेने तरुण आणि धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त आढळतो, हे खरं. त्यावरून कुणी म्हणतं, "हे बिडी ओढणारे, यांची तपासणी कशाला?" मंडळी, मानो यांना हा सांधा ज्या पहिल्या गाठीत सापडला, ती ६२ वर्षांच्या एका पुरुषाची होती. आणि तो धूम्रपान करणारा होता.